पायांनी खेळायचे यंत्र

नाणे टाकून खेळायच्या यंत्रांत १९९८ साली जपानच्या कोनामी कंपनीने एक नवल आणले: ‘डान्स डान्स रिव्होल्यूशन’. पायांखाली चार बाण. पडद्यावरचे बाण वर सरकत ठरल्या जागी पोचले, की ठेक्यावर तोच बाण पायाने दाबायचा. नवशिका दर पावलाला मध्यभागी परततो नि धापा टाकतो. मुरलेला परतत नाही, पाय आळीपाळीने टाकतो. ही युक्ती सांगतो तो शेजारी उभा असलेला गडी. लेझीम शिकविणाऱ्या गुरुजींना हे पटेल, बरं का!

चारचौघांत पाय चुकण्याची लाज वाटतेच. पण अमेरिकेत पाळी धरण्यासाठी यंत्राच्या काठावर नाणे ठेवण्याची रीत पडली. मग थांबणे आले. तेवढ्या वेळात दुसऱ्याचे पाय बघायचे, आणि विचारायचे. ओळख होते ती तिथेच.