परक्या यंत्रावर जुनी अक्षरे

कोल्हापुरात छापखाने पुष्कळ. खिळे जुळवणे मागे पडून संगणक आले, तेव्हापासून येथे किती स्मरणिका, किती गावांचे इतिहास निघाले असतील! त्यांतल्या पुष्कळांची जुळणी विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणाऱ्या पेजमेकर या प्रोग्रॅमात झाली. त्या प्रोग्रॅमची शेवटची आवृत्ती २००१ सालची. आता जुना संगणक निकामी झाला आणि खर्च नको म्हणून आपण लिनक्स ही विनामूल्य ऑपरेटिंग सिस्टीम घेतली, तर तो प्रोग्रॅम तेथे मुळी सुरूच होत नाही. असे का व्हावे?

कर्नाटकातला शेतकरी गूळ घेऊन आपल्या अडतीवर येतो. गूळ चोख, तराजूही ठीक. परंतु अडत्याला कानडी येत नाही. तसेच येथे घडते. बेरीज-वजाबाकी प्रोग्रॅम स्वतः करवून घेतो, कारण दोन्हीकडे प्रोसेसर एकच असतो. पण फाईल उघडणे, पडद्यावर अक्षर काढणे यांसाठी त्याला ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागणी करावी लागते, आणि ती मागणी तो विंडोजच्या बोलीत करतो.

यावर दोन उपाय आहेत. स्टुडिओत अख्खे गाव उभे करतात ते आम्हां कोल्हापूरकरांना सांगायला नको. त्याप्रमाणे संगणकाच्या पोटात दुसऱ्या संगणकाचा देखावा उभारायचा. डॉसच्या काळातले प्रोग्रॅम डॉसबॉक्समध्ये चालतात ते असे. दुसरा उपाय दुभाष्याचा. 'वाईन' हा तो दुभाषी. नावावरून भलता तर्क नको. १९९३ साली हे काम सुरू झाले आणि १.० ही आवृत्ती निघाली २००८ साली. पंधरा वर्षे लागली, कारण विंडोजच्या हजारो मागण्यांना, तिच्या खोडींसकट, तंतोतंत तशीच उत्तरे द्यायची होती. गंमत अशी, की १६ बिटांचे विंडोजचे जुने प्रोग्रॅम ६४ बिटांची विंडोज स्वतः चालवीत नाही, पण वाईन त्यांतले काही चालवते. घरच्याने ओळख विसरावी आणि शेजाऱ्याने ठेवावी!

तथापि मराठीची अडचण निराळी आहे. काही मराठी प्रोग्रॅमांबरोबर संगणकाच्या पाठीमागे लावायचे एक कुलूप मिळे. त्याला विंडोजच्या गाभ्यात शिरणारा ड्रायव्हर लागतो, आणि तेथे दुभाष्याचे सहसा चालत नाही. त्याहून मोठी गोष्ट अक्षरांची. युनिकोडपूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांत फाईलमध्ये 'क' नसतोच. इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो आणि फॉन्ट त्याला 'क'चे रूप देतो. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी. म्हणून प्रोग्रॅम सुरू झाला तरी फॉन्ट नसेल, तर अवघे पान इंग्रजी अक्षरांचा खच होऊन बसते. फॉन्ट मिळाला, तर मजकूर बाहेर काढून युनिकोडमध्ये बदलता येतो. मात्र जोडाक्षरे आणि रफार पुन्हा नजरेखालून घालावे लागतात. ज्यांच्या कपाटात अशा सीडी पडून आहेत, त्यांनी जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी त्यातले फॉन्ट तेवढे उतरवून घ्यावेत.