शेंडा खुडला की तुळस का फुटते?

शेजारच्या काकूंची तुळस नुसती उंच वाढलेली, काडीसारखी. "खत घालू का रे?" म्हणाल्या. म्हटलं, खत राहू द्या, शेंडा खुडा.

शेंड्याच्या कोवळ्या पानांत ऑक्सिन हे संप्रेरक तयार होतं. ते पेशीतून पेशीत, तासाला साधारण १ सेंटिमीटर वेगाने खाली उतरतं.

पेशीच्या खालच्या बाजूला असलेली 'पिन' प्रथिनं त्याला बाहेर ढकलतात, म्हणून वाट एकेरी. काडी उलटी धरली तरी दिशा बदलत नाही! (गुलाबाची काडी उलटी खोचू नका म्हणतात, ते यासाठीच.)

हा ओघ चालू असेपर्यंत पानांच्या बगलेतले डोळे दबलेले राहतात. शेंडा गेला की साखर आणि सायटोकायनिन हे दुसरं संप्रेरक त्यांच्याकडे वळतं. पानांच्या जोडीच्या जरा वर खुडा. तिथूनच दोन फांद्या निघतात.

तुमच्या कुंडीतलं कुठलं झाड खुडायचंय? विचारा बिनधास्त. नारळ-सुपारीला मात्र हात लावू नका, त्यांना तो एकच कोंब असतो.