सही करण्याआधी वाचा

"ताई, सर म्हणाले सही कर, म्हणून केली." शाळा व्यवस्थापन समितीवरच्या बायकांकडून हे मी कितीदा तरी ऐकलंय. इतिवृत्ताची वही घरी येते, बाई हात पुसून सही करते, झाली सभा!

जिल्हा परिषदेच्या शाळेवर केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, शिक्षणाधिकारी अशी उतरंड असते. पगार सरकारकडून येतात. पण २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बायका हव्यात, असं सांगितलं. विकास आराखडा करणं, अनुदान कुठे खर्च झालं ते बघणं, हे त्यांचंच काम. समग्र शिक्षा योजनेच्या २०१८ च्या निकषांत १०१ ते २५० पटाच्या शाळेला वर्षाला ५० हजार रुपये धरले होते. त्यातला निदान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी. हे किती जणींना ठाऊक असतं?

आणि प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीवर तरी किती विसंबायचं? 'प्रथम' संस्थेच्या 'असर' पाहणीत २००५ पासून मुलांना घरी जाऊन दुसरीचा उतारा वाचायला देतात. पाचवीतल्या लेकीला दुसरीचं पुस्तक देऊन बघा ना! अडखळली तर तेही सभेत बोला.

एका गावात एका आईने सभेत विचारलं, "मुलींच्या संडासाला कुलूप का?" पाणी नाही म्हणून, असं उत्तर आलं. मोठ्या मुली महिन्यातले चार दिवस घरीच बसत होत्या. तिने आधी खर्चाची वही मागितली. त्याच सभेत पाण्याच्या टाकीचा ठराव झाला, आणि त्याखाली तिने वाचून सही केली.