चढावर व्हॅन धक्के देतेय? आधी कॉइल बघा

मंडळी, पहाटे मालीम जेटीवर बांगड्याचे क्रेट भरले, व्हॅन म्हापशाला निघाली आणि पर्वरीच्या चढावर धक्के द्यायला लागली. इंजिनचा दिवा लुकलुकतोय. इकडे बर्फ वितळतोय, तिकडे भाव उतरतोय!

पेट्रोल गाडीत असं झालं की पहिला संशय इग्निशन कॉइल आणि प्लगवर. बॅटरीच्या १२ व्होल्टचे हजारो व्होल्ट करून कॉइल प्लगला ठिणगी देते. खारी हवा आणि माशाचं पाणी तिच्या कनेक्टरला गंज चढवतं.

प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल असेल तर तपासणी सोपी. स्कॅनरवर पी०३०२ आलं म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिसफायर. इंजिन थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एक आणि दोन नंबरची कॉइल अदलाबदल करा. आता पी०३०१ आलं तर कॉइलच गेली. तसंच राहिलं तर प्लग, वायरिंग किंवा इंजेक्टर बघा.

बदलताना कनेक्टरचं लॉक दाबून काढा, वायर ओढू नका. बोल्ट खोलून कॉइल हलकी फिरवत सरळ वर घ्या. खाली ऑइल दिसलं तर सील गळतंय, ते आधी करा.

दिवा लुकलुकत असताना गाडी रेटू नका. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं, आणि तो खर्च कॉइलच्या कितीतरी पट. माल दुसऱ्या गाडीत चढवा, ते स्वस्त पडतं.