जी.एस.एम.चा हिशेब : किलोने माल घेताना फसगत टाळा

होजिअरीचे कापड किलोने विकत घ्यायचे आणि शिवलेला माल नगाने विकायचा, असा धंदा आपले अनेक बांधव करतात. कागदाचे व्यापारी आणि बाईंडिंगचे कारागीर यांचेही तसेच आहे. रीम किलोवर येते, वह्या मात्र नगावर जातात. अशा धंद्यात नफा-तोटा एका आकड्यावर ठरतो. तो आकडा म्हणजे जी.एस.एम., अर्थात एक चौरस मीटर मालाचे ग्रॅममधील वजन.

या आकड्याचे महत्त्व एका उदाहरणावरून पाहू. आपण 180 जी.एस.एम.चे, 60 इंच पन्ह्याचे 100 किलो कापड मागवले. 60 इंच म्हणजे 1.524 मीटर. तेव्हा एक मीटर लांबीचे वजन 180 × 1.524, म्हणजे सुमारे 274 ग्रॅम भरते आणि 100 किलोत सुमारे 364 मीटर कापड बसते. पण माल 200 जी.एस.एम.चा निघाला तर लांबी 328 मीटरच मिळेल. काटा बरोबर, बिलही बरोबर, तरी 36 मीटर कापड कमी! कापड ट्यूबचे असेल तर सपाट ठेवून मोजलेला पन्हा दुप्पट धरावा, हे विसरू नये.

तपासणी सोपी आहे. थानाच्या काठापासून दूर, निरनिराळ्या जागी 10 सेंटिमीटर लांब व तितकेच रुंद असे पाच तुकडे अचूक कापावेत. प्रत्येक तुकड्याचे वजन ग्रॅममध्ये घेऊन 100 ने गुणावे आणि पाचांची सरासरी काढावी. 1.80 ग्रॅम भरले तर 180 जी.एस.एम. मात्र काटा सोनाराच्या काट्यासारखा बारीक वजन दाखवणारा हवा, किराण्याच्या काट्यावर हे काम होत नाही.

काही व्यापारी एक मीटर लांबीचे वजन सांगतात. त्याला पन्ह्याने, तोही मीटरमध्ये, भागले की जी.एस.एम. मिळतो. 58 इंच पन्ह्याचे कापड मीटरला 250 ग्रॅम असेल तर 250 ÷ 1.473, म्हणजे सुमारे 170 जी.एस.एम. पन्हा न विचारता नुसत्या वजनावर दोन मालांची तुलना करणे चुकीचे आहे.

डेनिमचा भाव औंसात बोलला जातो. तो औंस एका चौरस यार्डाचा असतो. औंसाला 33.9 ने गुणले की जी.एस.एम. येतो. 10 औंस म्हणजे 339 आणि 14 औंस म्हणजे सुमारे 475. उलट हिशेबात 33.9 ने भागावे.

आता कागद. 500 ताव्यांच्या रीमसाठी सूत्र असे : लांबी इंच × रुंदी इंच × जी.एस.एम. ÷ 3100 = रीमचे वजन किलोत. एका चौरस मीटरमध्ये 1550 चौरस इंच असतात, त्याची दुप्पट 3100. 23 × 36 चा 60 जी.एस.एम. कागद या हिशेबाने 16 किलो भरतो. पण 20 × 30 ची रीम 16 किलोची असेल तर तो कागद सुमारे 83 जी.एस.एम.चा असतो. म्हणून नुसते "16 किलोचा कागद द्या" असे सांगू नये. साइज आणि जी.एस.एम. दोन्ही बोलावेत.

दोन गोष्टींची खबरदारी घ्यावी. सूत आणि कागद हवेतील ओल शोषतात, म्हणून पावसाळ्यात वजन वाढते. नमुना आणि आलेला माल एकाच दिवशी, एकाच जागी काही तास उघडे ठेवून मगच तोलावेत. दुसरे असे की, मागावरून उतरलेल्या कोऱ्या कापडात खळ असते. धुतल्यावर ती निघून जाते, तर कापड आटल्यामुळे जी.एस.एम. वाढतो. तेव्हा सांगितलेला आकडा धुण्यापूर्वीचा की नंतरचा, हे आधी विचारून घ्यावे.

आमचे सांगणे एवढेच की, जी.एस.एम., पन्हा आणि किती टक्के फरक चालेल, या तीन बाबी सौद्याच्या चिठ्ठीवर लिहून घ्याव्यात. वाद माल कापल्यावर नव्हे, कापण्यापूर्वी मिटतो. आणि आपण स्वतः माल देतो तेव्हाही हाच आकडा गिऱ्हाइकाला सांगावा. मापात पाप नसले की गिऱ्हाईक टिकते.