मेंदूतील नव्या पायवाटा

हाताचे हाड मोडले तर प्लास्टर घालून ते सांधता येते. कातडी फाटली तर टाके घालून ती जुळते. पण मेंदूलाच जखम झाली तर? अशा वेळी घरातील वडीलधारी माणसे मान हलवतात आणि सारे दैवावर सोपवून गप्प बसतात. ही निराशा केवळ सामान्यांचीच होती असे नाही. मज्जापेशींच्या अभ्यासात ज्यांचा अधिकार सर्वमान्य, त्या स्पेनच्या रामोन इ काहाल यांनीही विसाव्या शतकाच्या आरंभी असाच निर्वाळा दिला होता. प्रौढ मेंदूतील मार्ग एकदा ठरले की ठरले. तुटले ते पुन्हा उगवत नाहीत! मात्र हा कठोर नियम बदलणे पुढच्या शास्त्राच्या हाती आहे, असेही ते सांगून गेले.

तो नियम किती बदलला, हे समजण्यासाठी एका रशियन सैनिकाची हकिगत ऐकण्यासारखी आहे. त्याचे नाव झासेत्स्की. १९४३ साली स्मोलेन्स्कच्या आघाडीवर एक गोळी त्याच्या कवटीतून आत शिरली आणि मेंदूच्या डाव्या बाजूचा मागील भाग उद्ध्वस्त करून गेली. त्या वेळी तो जेमतेम २३ वर्षांचा, तंत्रशिक्षण घेत असलेला हुशार तरुण होता. जीव वाचला, पण शुद्धीवर आला तेव्हा त्याला एक अक्षरही वाचता येईना. जगाची उजवी बाजू दिसेना. आपला उजवा हात कोणता, हेही कळेना.

त्याची गाठ अलेक्झांडर लूरिया यांच्याशी पडली. लूरिया हे आधी मानसशास्त्रज्ञ आणि मग डॉक्टर झालेले गृहस्थ. भाषाशास्त्राचाही त्यांचा व्यासंग होता. त्यांनी या तरुणाला साध्यासाध्या गोष्टी विचारल्या, आणि त्यांतून जे निघाले ते आम्हां भाषाशिक्षकांना तर अंतर्मुख करणारे आहे. 'भाऊ' म्हणजे काय, 'वडील' म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. पण 'वडिलांचा भाऊ' आणि 'भावाचे वडील' यांतला फरक काही केल्या उमगेना! आपण मराठीत पहिल्याला काका म्हणतो आणि दुसरे म्हणजे आपलेच वडील. शब्द दोन्हीकडे तेच. अर्थ फिरवला तो षष्ठीने आणि शब्दांच्या क्रमाने. रशियनमध्येही तसेच आहे. हत्ती मोठा आणि माशी लहान, हे त्याला पक्के माहीत होते. परंतु 'माशी हत्तीपेक्षा लहान' हे वाक्य कानी पडले की तो गोंधळून जाई. वर्गात ज्या विभक्तिप्रत्ययांचा मुलांना कंटाळा येतो, ते चालवण्यासाठी मेंदूला केवढा खटाटोप करावा लागतो, हे ती गोळी सांगून गेली.

पुढे काय झाले? तो लहान मुलासारखा मुळाक्षरे गिरवू लागला. एक अक्षर आठवावे तर आधीचे विसरावे, असे चाललेले असता एका डॉक्टरांनी त्याला सुचवले की, अक्षरे आठवत बसू नको, हात न उचलता सबंध शब्द एका दमात लिही. आणि काय आश्चर्य! हात चालू लागला. डोळ्यांची वाट बंद झाली होती, पण हाताच्या सवयीची वाट शाबूत होती. मग या माणसाने जवळजवळ २५ वर्षे लिहून ३,००० पाने भरली. लिहिलेले स्वतःलाच वाचताना त्याला अक्षर-अक्षर जुळवावे लागे. कधी दिवसभर बसून पानभर मजकूर होई. तरी त्याने लेखणी सोडली नाही. त्या रोजनिशीवरूनच लूरियांनी १९७१ साली त्याच्या जीवनाची कहाणी प्रसिद्ध केली.

तो पूर्ण बरा झाला का? नाही, आणि हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मेंदूचा नष्ट झालेला भाग पुन्हा उगवत नाही. परंतु उरलेला मेंदू शिकू शकतो. पावसाळ्यात घाटात दरड कोसळून रस्ता बंद झाला, की गावकरी डोंगरातून वळसा घेतात, आणि माणसे रोज चालू लागली की तेथे पायवाट पडते. मेंदूतही शाबूत पेशी नवे दुवे जोडतात, शेजारचे भाग थोडेफार काम उचलतात. मात्र न चालता पायवाट पडत नाही!

अशी वाट कधी गाण्यातूनही सापडते. बोलणे गेलेला मनुष्य भजने मात्र म्हणू शकतो, अशी नोंद स्वीडनमध्ये १७४५ सालीच झाली होती. अर्धांगवायूने वाचा गेली तरी सूर पुष्कळदा राहतो. हाच धागा धरून १९७३ साली बोस्टनच्या संशोधकांनी एक उपचारपद्धती मांडली. त्यात रोजची छोटी वाक्ये रुग्णाकडून आधी चालीवर, हाताने ताल धरून म्हणवून घेतात आणि मग हळूहळू चाल कमी करत बोलण्याकडे आणतात. सर्वांनाच तिचा गुण येतो असे नाही. पण वैद्य, वाचातज्ज्ञ आणि संगीत यांचा संगम झाला की बंद दार किलकिले होते, हे त्यातून दिसले.

म्हणूनच मेंदूची दुरुस्ती हे एकट्या शल्यवैद्याचे काम उरलेले नाही. त्यात मानसशास्त्रज्ञ येतो, भाषाशास्त्रज्ञ येतो, व्यायाम शिकवणारा येतो, आणि सर्वांत अधिक वेळ ज्याच्या हाती असतो तो रुग्णाचा परिवारही येतो. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते. पुढे मंदावते, पण वर्षांनंतरही ती थांबतेच असे नाही.

आपल्या घरांत मात्र उलट घडते. आजोबांची वाचा गेली की त्यांची बुद्धीही गेली असे समजून, त्यांच्यादेखत त्यांच्याविषयी बोलले जाते. विचारले त्यांना, तर उत्तर सूनबाईच देऊन टाकतात! प्रेमापोटीच, पण त्यामुळे वाट बुजते. त्याऐवजी लहान, सोप्या वाक्यांत विचारावे, चित्र किंवा वस्तू दाखवावी, आणि मग थांबावे. ते शब्द शोधत असतील. तो त्यांना सापडेपर्यंत आपल्याला धीर धरता येतो का, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे.