घरच्या चित्रफिती आणि संगणक



गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस माझे एक स्नेही हातांत कापडी पिशवी घेऊन घरीं आले. पिशवींत अकरा जुन्या व्हिडिओ कॅसेटी होत्या. थोरल्या भावाचें लग्न, मुलीचें बारसें, गांवच्या घरचा गणपति, आणि एका कॅसेटींत त्यांचे वडील ओटीवर बसून नातवाला गोष्ट सांगत आहेत असा वीस मिनिटांचा भाग. वडील आज हयात नाहींत. त्यांचा आवाज या एका फितीखेरीज कोठेंही उरलेला नाहीं. "संकलनासाठीं कोणतें सॉफ्टवेअर घेऊं?" असें त्यांनीं विचारलें. मीं म्हटलें, "तो प्रश्न दुसरा. फीत संगणकावर उतरवून घेण्यासाठीं काय वापरणार, हा पहिला." आजच्या भाषणांत हाच क्रम मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या क्रमाचें कारण उघड आहे. संकलन बिघडलें तर तें पुन्हां करतां येतें. उतरवून घेतांना झालेली हानि मात्र पुष्कळदां कायमची ठरते. व्हीएचएस ही पद्धति जपानांत १९७६ सालीं निघाली. तिचीं यंत्रें बनविणारी शेवटची कंपनी म्हणून जी ओळखली जाते, त्या फुनाई कंपनीनें २०१६ च्या जुलैंत उत्पादन थांबविलें. म्हणजे आज मिळेल तें यंत्र वापरलेलें किंवा पडून राहिलेलें. त्यांत कोंकणांतली आणि मुंबईची हवा दमट. फितीवर पांढरी बुरशी चढते, आणि तशी फीत यंत्रांत घातली तर फितीबरोबर यंत्रही बिघडतें. स्नेह्यांच्या दोन कॅसेटी अशाच निघाल्या. त्या जाणकाराकडून आधीं स्वच्छ करून घ्याव्या लागल्या.

आतां फीत कोणत्या जातीची आहे तें पाहावें. १९९५ च्या सुमारास आलेल्या डीव्ही पद्धतीच्या लहान कॅसेटी असतील तर काम सोपें. त्यांवर चित्र अंकांच्याच रूपानें नोंदलेलें असतें, आणि फायरवायर नांवाच्या तारेनें तें कॅमेऱ्यांतून संगणकांत जसेंच्या तसें येतें. सॉफ्टवेअरनें येथें नुसती नक्कल करावयाची असते. विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब हीं लहानशीं विनामूल्य साधनें तें काम चोख करतात. एका तासाला सुमारें १३ गिगाबाइट जागा लागते. अडचण एकच. आजच्या संगणकांना फायरवायरचें तोंड नसतें. तेव्हां कोणाकडे तसा जुना संगणक असल्यास या कामापुरता मागून आणावा.

व्हीएचएसची गोष्ट निराळी. तिच्यावरील चित्राचें अंकांत रूपांतर करण्यास यूएसबीला जोडावयाचें एक लहान उपकरण लागतें, आणि त्यांतून येणारें चित्र नोंदणारें सॉफ्टवेअर लागतें. उपकरणाबरोबर कांहींतरी सॉफ्टवेअर फुकट मिळतें आणि आपण तेंच वापरतों. मींही प्रथम तेंच केलें. बहिणीच्या लग्नाची फीत उतरवली, आणि पाहतों तों अक्षता आधीं पडत आहेत व "सावधान" मागाहून ऐकूं येत आहे! दोष भटजींचा नव्हता. आपल्याकडील पॅल पद्धतींत सेकंदाला २५ चौकटी असतात. संगणक मागें पडला कीं कांहीं चौकटी गळतात. मिनिटाला दोनच गळाल्या तरी तासाअखेर १२० होतात, म्हणजे चित्र आवाजाच्या जवळजवळ पांच सेकंद पुढें जातें. माझ्या सॉफ्टवेअरनें याची वाच्यताही केली नाहीं.

तेव्हां उतरवून घेणाऱ्या सॉफ्टवेअरची परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी. गळालेल्या चौकटींचा हिशेब तें दाखवितें काय? चित्र ७२० गुणिलें ५७६ या पूर्ण आकारांत घेतें काय? आणि चित्राचा कोणताही अंश न टाकतां तें सांठवितें काय? विंडोजवरील व्हर्च्युअलडब आणि त्याचा वारस व्हर्च्युअलडब-२ हीं दोन्ही विनामूल्य साधनें या परीक्षेंत उतरतात. मुळीं न दाबलेलें चित्र तासाला सुमारें ७५ गिगाबाइट जागा खातें. हफवाययूव्ही किंवा एफएफव्ही-१ या पद्धतींनीं तें तिळभरही न बिघडतां सुमारें अर्ध्यावर किंवा त्याखालीं येतें. यांपैकीं एफएफव्ही-१ चें विवरण २०२१ सालीं जाहीर रीतीनें नोंदलें गेलें असल्यामुळें दीर्घ जतनास तें अधिक भरवशाचें.

२०१२ सालापासून असलेलें ओबीएस स्टुडिओ पुष्कळांच्या परिचयाचें आहे. संगणकाचा पडदा किंवा चालू कॅमेरा टिपण्यास तें उत्तम. परंतु जुन्या फितीची प्रत्येक चौकट सम व विषम ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांची बनलेली असते, आणि ती मूळ रचना त्यांत कायम राहत नाहीं. म्हणून फितीसाठीं त्याची निवड मी करणार नाहीं.

एवढें झालें म्हणजे संकलनाचा विचार निश्चिंत मनानें करावा. विंडोज मूव्ही मेकर २००० सालीं आलें, घरोघर पोंचलें आणि २०१७ च्या जानेवारींत कंपनीनें तें देणें बंद केलें. ज्यांनीं मूळ फाइली जपल्या होत्या त्यांचें यांत कांहींच अडलें नाहीं. नुसती सुरुवात व शेवट कापावयाचा असेल तर लॉसलेसकट पुरे. तुकडे जुळवावयाचे, नांवें घालावयाचीं, तर शॉटकट किंवा केडेनलाइव्ह घ्यावें. दोन्ही विनामूल्य असून विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर चालतात. मॅक असेल तर आयमूव्ही आहेच. दाविंची रिझॉल्व्ह हें चित्रपटवाल्यांचें साधन फुकट मिळतें खरें, पण त्याला बलवान संगणक लागतो. साध्या यंत्रावर तें माणसाची सहनशीलता पाहतें.

निवड पक्की करण्यापूर्वीं दोन लहान प्रयोग अवश्य करावे. "ज्ञानेश्वर", "कृष्णाष्टमी" असे शब्द पडद्यावर लिहून जोडाक्षरें नीट उमटतात काय तें पाहावें. मग दोन मिनिटांचा तुकडा शेवटपर्यंत तयार करून, त्यावर कंपनीचा शिक्का तर उमटत नाहीं ना, याची खात्री करावी. मोबाइलचें चित्रण मिसळावयाचें असेल तर आणखी एक सावधगिरी हवी. मोबाइल चौकटींचा वेग कमीजास्त करतो, आणि त्यामुळें आवाज सरकतो. तें चित्रण आधीं एकाच वेगांत बदलून घ्यावें; शॉटकटमध्यें ही सोय आहे.

नातेवाइकांस पाठविण्याची प्रत एच.२६४ पद्धतींत करावी. ती जवळजवळ सर्व यंत्रांवर चालते. मूळ उतरवलेली फाइल मात्र दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेवावी, आणि शक्य तर फीतही टाकूं नये.

मला दिलेला वेळ संपत आला आहे. स्नेह्यांच्या त्या वीस मिनिटांत वडिलांना मध्येंच खोकल्याची उबळ येते, गोष्टींतल्या राजाचें नांव ते विसरतात, आणि नातू तें सांगतो. नातेवाइकांच्या प्रतींतून हा भाग काढावा असें आधीं ठरलें होतें. परवां ते येऊन सांगून गेले, "राहूं दिला आहे. बाबा तसेच बोलत."